फक्कीच्या रेषेबाहेर

औंढा रोडच्या नव्या प्लॉटिंगवर चुन्याच्या फक्कीचा वास आला आणि लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. तेव्हाही रानात अशाच पांढऱ्या रेषा मारलेल्या. बायकोनं रेषेबाहेर चपला काढल्या आणि आत जाऊन म्हणाली, "चूल हितं मांडू."

"अगं, भिंत तरी येऊ दे," मी खिदळलो. "कोल्ह्यांच्या शेजारी कोण राहतंय? भाव पडला की घेऊ."

वर्षाच्या पगारात बसणारा प्लॉट सोडून हा शहाणा अजून भाव पडायची वाट पाहून राहिला.

आता घरमालकाला खोली रिकामी हवीय. एजंटानं भाव सांगितला. रिटायर होईपर्यंतचा सगळा पगार दिला तरी पुरणार न्हाई.

"आत ये की," मी बायकोला म्हणालो.

"काहून?" म्हणाली, आणि चपला घालूनच रेषेबाहेर उभी राहिली.