चाचांची सरासरी

माणसाची किंमत सरासरीत काढणारा शिंपी अख्ख्या मुळशीत एकच झाला, आणि त्याचं दुकान नेमकं घोटावड्यात, आमच्या कबड्डीच्या मैदानासमोर होतं. गाव त्यांना चाचा म्हणायचं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. संध्याकाळी आम्ही खेळायला उतरलो की चाचांची मशीन थांबायची आणि कानावरचा खडू हातात यायचा. कोणी किती चढाया केल्या, किती गडी बाद केले, कितीदा हात हलवत परत आला, हे सगळं ते समोर असेल त्या कापडावर मांडायचे. एकदा तर एक नवरदेव आमच्या चढायांचा सगळा हिशेब कोटाच्या अस्तरावर घेऊन बोहल्यावर चढला. त्याचा बाप भांडायला आला, तर चाचा म्हणाले, "आतल्या अंगाला हाय, कोन बघतंय? पन धुऊ नका, मला उतरून घ्यायचंय."

आमचा एक धिप्पाड गडी मांडीवर असा शड्डू ठोकायचा की वडावरचे कावळे उडायचे. गाव त्याच्यावर फिदा. चाचा म्हणायचे, "वरातीतल्या पावण्यावानी हाय. जातोय, मिरवतोय, परत येतोय." त्यांचा जीव होता एका काटकुळ्या, अबोल पोरावर, तो दर दुसऱ्या चढाईला गडी टिपायचा. हे वेड घरातही शिरलं होतं. फुगलेल्या भाकऱ्यांची सरासरी काढल्यावर चाची म्हणाल्या, "आता उसवलेल्या शिवणींची बी काढा!"

मग पौडच्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. शेवटच्या जागेसाठी दोघं उरले: तो काटकुळा आणि चाचांचाच मुलगा सलीम. चाचांकडे बघून कप्तानाची जीभ रेटेना. चाचाच म्हणाले, "सलीमची सरासरी पडलीया. त्याला बसवा." सलीम तिथंच उभा होता. तसाच मैदानाबाहेर निघून गेला. पुढं सामन्यापर्यंत बापलेकांत शब्द नव्हता, आणि चाचीही चाचांना ताट नुसतं सरकवायच्या.

सामन्याच्या उत्तरार्धात एका पकडीत काटकुळ्याचा खांदा दुखावला आणि सलीमला उतरावं लागलं. गुण बरोबरीत, शेवटची चढाई त्याची. त्यानं कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला आणि वळतोय तोच घोटा पकडला गेला. तिघं अंगावर पडले. त्या ढिगाऱ्यातून त्याचा हात सरपटत सरपटत मध्यरेषेवर पडला. आम्ही जिंकलो!

मी नाचतच चाचांकडे धावलो. "चाचा, ह्या चढाईचं काय मांडलं?"

त्यांच्या मुठीत खडूचा भुगा झाला होता. "बघितलंच न्हाई रं. डोळं मिटून घेतलं व्हतं," ते म्हणाले. "पोरगं उठलं का?"

उठलं होतं. चाचा गर्दीत शिरले आणि त्याच्या पाठीवरची माती झटकू लागले. सलीम माप द्यायला उभं राहावं तसा, हात किंचित पसरून उभा राहिला.