पेटी उघडण्याआधी

आमच्या पेठेतल्या संगीत मंडळात पेटीची साथ करणारे काका ख्रिस्ती आहेत. सकाळी चर्च, संध्याकाळी बैठक, असा त्यांचा रविवार. बोलणं मोजकंच, तेही "व्हय की न्हाय?" असं विचारत. पेटी उघडण्याआधी ते डोळे मिटून छातीवर क्रूसाची खूण करतात. गुरूचं नाव घेताना गवई कानाला हात लावतात, त्याला कुणी हरकत घेत नाही.

गेल्या बैठकीत अध्यक्ष भर सभेत म्हणाले, "पावणं, तुमचं ते काय हाय ते भाईर करून या."

इतकी वर्षं साथ करणारा माणूस, आणि पावणं!

काका उठले. आता घरी जातील म्हणून मीही उठलो. पण त्यांनी दाराबाहेर चपलांच्या ढिगाशी उभं राहून प्रार्थना केली, परत येऊन बसले आणि यमन जीव ओतून वाजवला.

नंतर मी त्यांच्यावरच चिडलो. "काका, निघून का नाही गेलात?"

"गाणाऱ्या पोरीची पयलीच बैठक हुती. तिला एकटीला सोडून जाऊ व्हय?"

आता अध्यक्ष भाषणात सांगतात, आमचा पेटीवाला ख्रिस्ती आहे, इतकं आमचं मंडळ सहिष्णू. सोसलं काकांनी, आणि मिरवतात हे.