मनूआत्या, मोहोर आणि एसी

मनूआत्या शिंकली की नरपडच्या आमच्या आळीत दोन घरांपलीकडचं मांजर भिंतीवरून खाली उडी मारायचं. एरवी आत्या ठणठणीत. आंबा मोहरला की मात्र नाक लाल, डोळ्यांना धार. आंबा तिच्या खिडकीला लागूनच. पण त्याला नावं ठेवलेली तिला खपत नसत. "तो फुललाय. माझं नाक नाजूक, त्याला तो काय करील?"

डहाणूच्या डॉक्टरांनी निदान केलं, "त्रास परागकणांचा आहे."

"पराग? जावेचा नातू? तो तर सुट्टीतच येतो हो!"

तिच्या मुलाने, हेमंतने, बोरिवलीहून येऊन खोलीत एसी बसवला. खिडकी बंद ठेवायला बजावून तो गेला आणि आत्याच्या शिंका दुप्पट झाल्या. एका दुपारी तर तिला अशी धाप लागली की मी रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं.

हेमंत धावत आला. एसीचं झाकण उघडलं, तर आतल्या जाळीवर पिवळट थर.

"आई, खिडकी उघडलीस?"

"जराशीच. त्या गारठ्यात दुधीभोपळ्यासारखी पडून राहू?"

शिवाय चादरी आंब्याखालीच वाळत. रोज सकाळी वाडीतल्या झाडांना पाणी घालून आली की आत्या पदर झटकायची तोही पलंगावर. एसी बिचारा तेच परागकण खोलीभर फिरवत होता.

"आंबा तोडू, नाहीतर बोरिवलीला चल," हेमंत म्हणाला. तो घाबरला होता. दुसऱ्या दिवशी त्याने करवतवाला आणला. आत्या खुर्ची घेऊन बुंध्याशी बसली.

"आजी, बाजूला व्हा."

"होते. एवढी शिंक येऊन जाऊ दे."

ती आली. तिच्यामागून दुसरी, मग रांगच लागली. करवतवाला थोडा वेळ थांबला, मग हसू आवरेना म्हणून खालीच बसला. आत्याने त्याला चहा सांगितला आणि शिंकांच्या मधल्या फटीत मुलाशी तह सुरू केला. "वाडीतून आले की आंघोळ करीन. कपडे मागच्या पडवीत वाळत घालीन. मोहोर गळेपर्यंत खिडकी बंद. जाळी दर रविवारी धुवीन. पण मला इथून नेऊ नकोस, आणि याला हात लावू नकोस रे."

तिने बुंध्यावर हात ठेवला. हेमंतने करवतवाल्याला परत पाठवलं.

आत्याने शब्द पाळला. जाळी तर ती नळाखाली धरून हट्टी पोराला न्हाऊ घालावं तशी रागावत धुवायची. शिंका कमी झाल्या, धाप पुन्हा लागली नाही. पुढे ती गेली ती म्हातारपणाने, त्याच खोलीत.

तह झाला त्या वर्षी आंबे उतरवले, तेव्हा पहिली पाटी तिने करवतवाल्याच्या घरी धाडली. सोबत त्याच्या बायकोला निरोप होता, "बाठे टाकू नकोस, अंगणात लाव. खिडकीपासून लांब."