पूजेला बसलेली भट्टी

अनिरुद्ध सोवनी यांनी सगळी नोकरी विक्रोळीच्या एका कारखान्यात केली, आणि तीही तपासणी विभागात. लोखंडाला त्यांचा हात लागायचा तो दुसऱ्याने घडवून ते गार झाल्यावर. स्वेच्छानिवृत्तीनंतर काही महिन्यांतच त्यांना साक्षात्कार झाला, की शहरातल्या मुलांच्या हातातून अग्नी गेला आहे. तो परत द्यायला कुणीतरी हवं होतं. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर ते कुणीतरी मोकळंच बसलं होतं.

त्यांनी फिरती भट्टी बांधली. ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रममध्ये कोळसा, भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा, ऐरण म्हणून रुळाचा तुकडा, आणि हे सगळं चाकांच्या गाड्यावर. भट्टी लिफ्टमध्ये बरोबर मावली, पण मग सोवनी मावेनात. ती एकटी खाली जायची आणि हे जिना उतरून तिला गाठायचे. लोहार मुलांसाठी, लोहार मुलांचा, असं काहीबाही छापलेला चामड्याचा ॲप्रन आला. दाढीही वाढली. ठिणग्यांच्या दृष्टीने दाढी गैरसोयीची आहे हे कळलं, तोवर पत्रकावर फोटो छापून झाला होता.

एक मात्र मान्य करायला हवं. सळई नारिंगी झाली, की गोंगाट करणारी मुलं गप्प व्हायची. मूल पहिला घाव घालायचं, लोखंड वाकायचं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते सोवनींच्या भाषणातून कधीच आलं नसतं. तासाभरात एक वेडावाकडा हूक तयार होई आणि मूल तो घरी नेई. सोवनी भाषण मात्र आधी करतच. त्याचा विषय परंपरा. शेवटी प्रत्येक मुलाने ऐरणीवर एक फूल वाहायचं आणि मगच हातोडा उचलायचा.

अडचण जागेची होती. त्यांच्या स्वतःच्या इमारतीने वाळत घातलेल्या कपड्यांचं कारण दाखवून पार्किंग बंद केलं. अंधेरीच्या एका वाढदिवसात त्यांना जादूगार आणि केक यांच्या मध्ये वीस मिनिटं मिळाली. बोरिवलीच्या एका शाळेने अत्यंत आदराने विचारलं, की हेच सगळं लोखंड गार ठेवून शिकवता येईल का. हा किस्सा सोवनी पुढे वर्षभर सांगत होते. गार लोखंडावर हातोडा मारणाऱ्याला लोहार नाही, नमुना म्हणतात, हे त्यांचं वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडायचं.

दोन वर्गांच्या मधल्या काळात भट्टी घरात, जेवणाच्या टेबलाखाली राही. पत्नी इरावती बँकेत अधिकारी. पाय आखडून जेवायची तिला सवय झाली होती, पण ही सवय निवृत्तीपर्यंत न्यायची तिची इच्छा नव्हती. तिने एका रात्री पान वाढता वाढता सांगितलं, “अनिरुद्ध, दसऱ्यापर्यंत हिला जागा बघ. नाही मिळाली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल. मी त्याच्याशी बोललेय.” ती खरंच बोलली होती.

जागा निघाली मुलुंड पश्चिमेच्या एका टॉवरमध्ये. तिथली अक्षता नावाची अकरा वर्षांची मुलगी भांडुपच्या वर्गात हूक करून आली होती आणि घरात त्यावर दप्तर टांगत होती. तिने आईला भंडावलं, आईने सोसायटीच्या सेक्रेटरी वसुधा कर्णिक यांना. क्लबहाउसमागचा कोपरा दर रविवारी द्यायला कमिटी तयार झाली. अट एकच: आधी सगळ्यांसमोर एक प्रात्यक्षिक. दिवस सोवनींनीच सुचवला. दसरा. अवजारांचा दिवस, मुलांना सुट्टी, आणि फोटोही चांगले येतील.

फोटो खरंच चांगले आले असते. लॉबीत पोर्चजवळ रांगोळी काढून तिच्यावर भट्टी मांडली होती. वसुधाताईंनी झेंडूचं भलंमोठं तोरण आणलं. हळदकुंकू झालं, हातोड्यांना गंध लागलं, सांडशीला दोरा बांधला. सोवनी बोलायला उभे राहिले. आपली परंपरा अवजाराला देव मानते, कारखान्यातसुद्धा दसऱ्याला यंत्रांना हार घालतात, यंत्राला त्या दिवशी कुणी हात लावत नाही, ही कृतज्ञता आजच्या पिढीला माहीत नाही, वगैरे. मागे फायर एक्स्टिंग्विशर धरून उभा असलेला वॉचमनही पेंगू लागला. मग आरती झाली. सोवनींनी ॲप्रनचे बंद आवळले आणि काडेपेटी काढली.

पुढच्या खुर्चीत चेअरमनच्या आई, प्रेमाआजी, बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, हे काय करताय? पूजेला बसलंय ते. आज नाही उचलायचं.”

सोवनी म्हणाले, की हे प्रात्यक्षिक आहे. आजींनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या मुलांकडे वळल्या. “आज सकाळी पुस्तकं पूजेला ठेवलीत ना? मग आज अभ्यास करणार का रे?”

“नाही,” मुलं एका सुरात म्हणाली. आपण काय गमावलं हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

सोवनींनी काडेपेटी खिशात ठेवली. यंत्राला हात न लावण्याचा दाखला त्यांनी स्वतःच दिला होता, तोही माइकवरून. कमिटीच्या चेहऱ्यावर भक्तिभाव पसरला, त्याखाली सुटका स्पष्ट दिसत होती. धुराची काळजी त्यांना आठवडाभर होती. गाड्यांची पूजाही त्याच सकाळी झाली होती. त्या दुपारी हार मिरवत हायवेला लागल्या, आणि त्यांना कुणी अडवलं नाही.

कोपऱ्याचं काय, असं सोवनींनी विचारलं. वसुधाताईंकडे त्याहून चांगली कल्पना होती. “सर, कोपरा कशाला? किती गोड दिसतंय हे इथे. लॉबीतच राहू दे ना, कायमचं. फक्त पेटवायचं नाही.”

सोवनींनी मागच्या रांगेत बसलेल्या इरावतीकडे पाहिलं. ती फोनवर होती, बहुधा भंगारवाल्याशीच. त्यांनी क्षणभर दाढी खाजवली आणि हो म्हणाले.

भट्टी अजून तिथे आहे. वर ‘आमची परंपरा’ अशी पितळी पाटी, खाली ‘हात लावू नये’ असा कागद. रविवारी सकाळी मात्र हात लावायची परवानगी असते. तेव्हा सोवनी ॲप्रन घालून हजर असतात. ब्रेक ड्रममध्ये आता काचेचे निखारे आहेत आणि त्यांच्याखाली लाल बल्ब. मुलं पंखा फिरवतात, बल्ब मिणमिणतो, आणि आधीच वाकवून ठेवलेल्या हुकावर प्रत्येकाला हातोडा मारायला मिळतो. प्रमाणपत्र सोसायटी देते. इरावती टेबलाखाली पाय पसरून जेवते.

पहिल्या रविवारी अक्षताही आली होती. सोवनींनी निखाऱ्यांवरची हुकाची सळई सांडशीने उचलून तिच्यासमोर ऐरणीवर धरली आणि म्हणाले, “चल, लाल झालीय, मार.”

तिने सळईवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

“काका, गारेय ही.”

मग हातोडा जागेवर ठेवून ती बॅडमिंटन खेळायला गेली. सोवनी पुढच्या मुलाकडे वळले.