चष्मेवाल्या गृहस्थाचा ब्लॉक

आमच्या घरात वर्तमानपत्र कमी आणि पत्रकं जास्त. बाबा शाळेत मास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन बुवाबाजीविरुद्ध बोलायचे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या पत्रकांवरच. 'कमळ'च्या आधी मला 'भोंदू' लिहिता यायला लागलं. निनावी पत्रकांची आम्हा दोघांनाही चीड. ज्याला सही करायची लाज वाटते त्यानं लिहू नये, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. म्हणून मी कॉलेजात गेले त्या वर्षी हट्ट धरला, की पत्रकावर बाबांचा फोटो हवाच. मग त्याचा छपाईचा ब्लॉक करून घेतला. लाकडी ठोकळ्यावर जस्ताचा पत्रा, आणि त्यावर चष्म्यासकट बाबा. पत्रकं छापून झाली आणि ब्लॉक नागपूरच्या इतवारीतल्या प्रेसमध्येच राहिला.

कुहीच्या पलीकडच्या एका गावातली एक बाई त्या सभांमधून बाबांच्या ओळखीची झाली होती. तिच्या मुलीला मिरगी यायची. बाबांनी खूप समजावून त्या पोरीला मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, नेलं, गोळ्या सुरू झाल्या आणि झटके थांबले. गोळ्या न्यायला नागपूरला आल्या की मायलेकी आमच्याकडे चहाला थांबायच्या.

एका सोमवारी त्या आल्या, त्या मेडिकलमध्ये न जाताच. बाई खुशीत होती. पोरीच्या दंडाला काळा दोरा होता आणि त्यात तांब्याची नळी.

"गुरुजी, तुमी सांगतला तो ताईत बांधला जी."

बाबांनी कप खाली ठेवला. "मी सांगितला?"

तिनं पदराच्या गाठीतून एक गुलाबी कागद काढला. वर बाबांचा चेहरा. खाली मजकूर: 'मी शिकलेला माणूस. माझाही विश्वास नव्हता. ताईत बांधला आणि घरात सुख आले.' अगदी शेवटी बारीक अक्षरात: 'ताईत बांधल्यावर इतर सर्व औषधे बंद करावीत.'

आईनं कागद दोनदा वाचला. "सुख कधी आलं? मी तर घरीच होते."

"गोळ्या?" बाबांनी विचारलं.

"बंद केल्या न जी. तुमीच छापलं तसं."

"अहो, फोटो माझा आहे, पण हे मी म्हटलेलं नाही!"

बाईनं बाबांकडे जरा दयेनंच पाहिलं. "तुमीच तं सभेत म्हंतलं होतं, बुवा तोंडानं बोलते अन् दुसऱ्या दिवशी पलटते. आपण छापून देतो, छापलेलं पलटत नाई."

बाबा आपल्याच वाक्याखाली सापडले. बरंच बोलले, हात जोडले. ती काही दोरा काढेना. अर्ध्यात सोडला तर उलटतो म्हणे. जाताना एवढंच म्हणाली, "तसं असंल तं छापून द्या. मंग पाहू."

आम्ही तडक प्रेसमध्ये गेलो. मालक ट्रेडल मशीनपाशी उभे होते. लपवालपवी नाहीच.

"ताईतवाल्याले एक शिकलेला, चष्मेवाला गृहस्थ पाहिजे होता. माह्याजवळ चष्म्यात तुमीच एकटे, गुरुजी."

"काका, न विचारता?" मी ओरडलेच. "माणसाचा चेहरा म्हणजे काय तुमच्या खणातला छपाईचा खिळा आहे?"

त्यांनी ड्रॉवर ओढून दाखवला. बैलजोडी, कलश, हात जोडलेली बाई, गणपती. "हा गणपती पाहा, बेटा. साऱ्या नागपूरच्या लग्नपत्रिकांत हाच लावतो. आजपावतो एक तक्रार नाई."

"गणपती पाहून कुणी पोरीचं औषध बंद करत नाही," बाबा म्हणाले.

मालकांनी लगेच ब्लॉक धोतराच्या सोग्यानं पुसला आणि सत्कार करावा तसा बाबांच्या हातात दिला. आम्ही तो पिशवीत घालून विजयानं घरी आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच घेऊन त्याच प्रेसमध्ये परत गेलो, कारण उधारीवर आणि तातडीनं छापणारा दुसरा कुणी आम्हाला ठाऊक नव्हता.

"आता परवानगी आहे न?" मालकांनी विचारलं. "नाई तं मंग पुन्हा बेटा रागावन."

मजकूर मी लिहिला. 'माझा फोटो मला न विचारता वापरला आहे. मी ताईत मानत नाही. औषध बंद करू नका.' वर फोटो अर्थातच हवा होता, नाहीतर कुणाचा फोटो ते कळणार कसं? शाई जरा जास्त लागली, बाबा थोडे काळे आले.

पहिल्या एस.टी.नं त्या गावी गेलो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माणसं जमली. एका म्हाताऱ्यानं गुलाबी आणि पांढरा, दोन्ही कागद शेजारी धरले आणि बराच वेळ आलटून पालटून पाहिले.

"हा मोठा," तो काळ्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "अन् हा लहाना. जुळेच असतीन."

"नाही हो," बाबा म्हणाले. "दोन्ही मीच. मला भाऊ नाही."

"वाटणीत बिनसलं का माणूस असंच म्हणते. माह्या मामाच्या घरी असेच दोघं होते. एक भजनं म्हणे, दुसरा सट्टा खेळे. तोंडं सारखीच."

"मी एकुलता एक आहे!"

"बरं बरं. घरातली गोष्ट घरात." लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी बाबांसाठी पाणी आणलं.

मी ब्लॉक, शाई, छपाई, सगळं समजावून सांगत होते. लोक आदरानं ऐकत होते आणि भावांचं भांडण नेमकं कशावरून लागलं असेल ते आपसात ठरवत होते. शेवटी बाई उठून पुढे आली.

"मले एक समजते," ती म्हणाली. "ताईत इकण्यात फायदा हाय. आपल्याच भावाच्या इरोधात छापण्यात काय फायदा? ज्यानं तरी बी छापलं, तो खरा."

तिनं पोरीला जवळ ओढलं, दातांनी दोरा तोडला आणि ताईत बाबांपुढे ठेवला. "हा तुमच्या भावाले वापस द्या."

मी ताडकन उभी राहिले. "अहो काकू, पण भाऊ..."

बाबांनी माझं मनगट धरलं. उभ्या जन्मात सोयीसाठी एक खोटा शब्द न उच्चारलेला हा माणूस त्या बाईला म्हणाला, "गोळ्या घरात शिल्लक आहेत का? आणा. आणि उद्याच मेडिकलमध्ये या, डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करू."

परतीच्या एस.टी.त मी भांडले. आपण एक अंधश्रद्धा काढून दुसरी ठेवून आलो, असं म्हटलं. बाबा खिडकीबाहेर धानाच्या बांध्या पाहत राहिले. "मला भाऊ आहे असं मानल्यानं कुणाचं औषध बंद होत नाही," एवढंच म्हणाले. मला ते पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही.

दिवाळीनंतर मायलेकी मेडिकलमधून गोळ्या घेऊन आमच्याकडे आल्या. पोरगी ठणठणीत होती. बाईनं नव्या तांदळाच्या दोन पोटल्या जमिनीवर ठेवल्या. "एक तुमाले, एक तुमच्या भावाले. किती दिवस अबोला ठेवसान जी?"

पोरगी बाबांकडे टक लावून पाहत होती. "तुमी लहाने का मोठे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम काही बोलले नाही. मग त्यांनी पोरीच्या दंडाकडे पाहिलं. दोऱ्याची खूण केव्हाच गेली होती.

"मोठा," ते म्हणाले.

आई पोटल्या उचलून आत निघाली आणि दारात थांबली.

"भाऊजींचा तांदूळ वेगळा ठेवू, की एकत्रच शिजवू?"