खोपोली गाडी सुटायच्या आत

लेक दोन वर्षांची असताना रोज संध्याकाळी कर्जत स्टेशनवर तिची देवघेव व्हायची. घर केळवलीला. मी बदलापूरच्या एका दवाखान्यातून परत यायचे, नवरा अंबरनाथला रात्रपाळीला निघायचा. सासूबाई कडावच्या म्हशी सोडून यायला तयार नव्हत्या, आणि त्यांना तरी काय बोलणार! म्हणून तो लेकीला घेऊन कर्जतला यायचा, मी उतरले की तिला माझ्या कडेवर द्यायचा आणि मुंबईकडची लोकल पकडायचा. तो ज्या गाडीने आला तीच परत खोपोलीला फिरायची, तिने आम्ही दोघी घरी. ती चुकली की पुढची कधी, हे विचारायचंच नाही.

बेत झकास होता. पण माझी लोकल वेळेवर आली तर ना!

एकदा भिवपुरी सोडून गाडी थांबली ती थांबलीच. मी दारात उभी राहून सिग्नलकडे डोळे वटारून बघत होते. शेजारची बाई मोबाइलवर काहीतरी बघून खुदुखुदू हसत होती, मला तिचाही राग आला. तेवढ्यात नवऱ्याचा फोन.

"कुठं हायस गं? माझी गाडी लागली."

"आलेच. थांब जरा."

"काल पन थांबलो. आज परत लेट झालो तर सायब घरीच बसवंल."

फोन कटला आणि मग लागेचना.

माझी लोकल कर्जतला शिरली तेव्हा त्याची बाहेर पडत होती. फलाटावर तो नाही, लेक नाही. पलीकडे खोपोली गाडीचा भोंगा वाजला. लेक त्यात असली तर, म्हणून लोकांना ढकलत पूल ओलांडला आणि बायकांच्या डब्यात घुसले. रोज आमच्याच डब्यात असणाऱ्या पळसदरीच्या मावशींच्या मांडीवर लेक बिस्कीट खात बसली होती.

"दम खा गं. पोर हाय हितंच," मावशी म्हणाल्या. "तुझा नवरा रडायचा बाकी व्हता."

"मी आलेच नसते तर?"

"तर नेली असती माज्या घरी. काय टाकून दिली असती व्हय?"

मी मात्र रडलेच. त्यानंतर कितीतरी दिवस नवऱ्याशी धड बोलले नाही. बोलणार तरी कधी? भेट व्हायची ती फलाटावर, तीही पळता पळता.

शेवटी एका सुट्टीला त्यानेच माथेरानला जायचं काढलं. कर्जतला नेरळसाठी लोकल लागली तशी लेकीने बापाच्या कडेवरून माझ्याकडे हात पसरले. मी तिला घेऊन चढले, मागोमाग तोही चढला. गाडी हलली आणि ती कावरीबावरी झाली. त्याच्याकडे बघे, माझ्याकडे बघे. मग माझ्या कडेवरून वाकून दोन्ही हातांनी त्याला दाराकडे ढकलायला लागली.

"पप्पा, उतर! तुजी गाडी नाय ही, उतर ना!"