बहिणीच्या नावावरची तपासणी

लक्ष्मी रस्त्यावर कोणी "अहो विमलताई!" अशी हाक मारली, की आमच्या लेले बाई खुशाल थांबत. समोरच्याच्या सुनेची चौकशी करत आणि पुढे चालू लागत. विमलताई त्यांची जुळी बहीण, बिबवेवाडीत राहणारी. "अहो, मी ती नव्हे, असं सांगायचं तरी," मी म्हणे. "कशाला? त्यांचं बोलून झालं ना!" हे त्यांचं उत्तर.

नारायण पेठेतल्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायची, बाई जीवशास्त्र. मुली त्यांना टरकून असत. उशिरा येणारीला त्या म्हणत, "या, पेशीविभाजन आपल्यावाचून थांबलं होतं." एकाच बीजाचे दोन गर्भ कसे होतात, हे मात्र त्या फार मायेने समजावून सांगत.

विमलताईंचा मुलगा हिंजवडीला एका कंपनीत लागला. कंपनीतर्फे आईवडिलांची आरोग्य तपासणी फुकट होती, मुदत महिनाअखेरपर्यंत. विमलताई सुईला घाबरत. "तूच जाऊन ये गं. रक्त आपलं एकच," त्या म्हणाल्या. फुकटची तपासणी वाया घालवणं पुणेरी माणसाला कसं झेपावं? ओळखपत्रावरचा फोटोही चालून गेला. बाईंनी स्टाफरूममध्ये ही गंमत मला सांगितली. मीही हसले. त्याची आज लाज वाटते.

रिपोर्ट उत्तम आला. विमलताई गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं दुखण्यावरच्या गोळ्या खात. बाई डोकेदुखीलासुद्धा गोळी घेत नसत. पुढे विमलताईंचे पाय सुजू लागले, अन्न जाईना. तरी त्या म्हणत, "काही होत नाही. रिपोर्ट चांगला आहे की माझा!" वर्षभराने दवाखान्यात नेलं, तेव्हा त्या गोळ्यांनी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. मी बाईंबरोबर होते. डॉक्टर जुना रिपोर्ट पुन्हा पुन्हा चाळत होते.

"ते रक्त माझं आहे," बाई म्हणाल्या. "आता मूत्रपिंडही माझंच घ्या."

जुळ्या बहिणीचं मूत्रपिंड शरीर परकं मानणार नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं. पण विमलताईंचं हृदय तोवर थकलं होतं, शस्त्रक्रिया सोसली नसती. डायालिसिसवर चार महिने निघाले. बाई रोज अळणी जेवणाचा डबा घेऊन जात. "मी असेपर्यंत पोराला कळू देऊ नकोस," अशी शपथ विमलताईंनी त्यांना घातली होती.

तेराव्याला भाचा बाईंजवळ येऊन बसला. "मावशी, रिपोर्ट तर चांगला होता. मग असं कसं झालं गं?"

बाईंना काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी खरं ते सांगितलं, एका दमात. त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा आईचाच होता.

"पण मावशी, जुळ्यांची जनुकं एक असली तरी दोघांना आजार सारखेच होतात असं नाही, हे तू वर्गात शिकवतेस ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं."